लॅपटॉप पूजेत आहे

विद्यापीठाने पीएच.डी.च्या मुलांना लॅपटॉप वाटले, तेव्हा सोबत चार पानांची नियमावली दिली होती आणि शेवटच्या पानावर सहीसाठी जागा सोडली होती. सगळ्यांनी थेट शेवटचं पान उघडून सही ठोकली, कारण बाहेर कँटीनमध्ये वडे तळायला घेतले होते. सुदर्शन मात्र खुर्चीत बसून चारही पानं वाचत राहिला. संगणक विभागातल्या बाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पंखा बंद केला, तरी तो उठला नाही. वाशीमहून आलेल्या या शिंप्याच्या मुलाची अशी समजूत होती की ज्या कागदावर सही करायची तो आधी वाचायचा असतो. असा माणूस पुढे अडचणीत येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सुदर्शन कोथरूडला अनंतराव आणि हेमाकाकू यांच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. दोन्ही वेळचं जेवणही काकूंकडेच. अनंतराव मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि आता सोसायटीचे सचिव. म्हणजे पूर्वी मुलांना ओरडायचे, आता त्यांच्या आईबापांना. या घरात लॅपटॉप आला तो एखादी बाळंतीण यावी तसा. त्याला वाऱ्यापासून जपायचं, उन्हापासून जपायचं, आणि बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही. मांडीवर घेण्यासाठी बनवलेली ती वस्तू सुदर्शनने एकदाही मांडीवर घेतली नाही. टेबलावर धुतलेला पंचा पसरून त्यावर तो लॅपटॉप ठेवायचा आणि हात साबणाने धुऊन मगच कामाला बसायचा. सिनेमा बघायचा झाला तर काच तडकलेल्या आपल्या मोबाइलवर बघायचा. त्यात नायकाचा चेहरा नेहमी तीन ठिकाणी फुटलेला दिसायचा, पण वैयक्तिक वापर नको म्हणजे नको.

काकूंच्या भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो पेनड्राइव्हवर आले. त्या मोठ्या हौसेने मागच्या खोलीत गेल्या.

"काकू, माझा असता तर दाखवले असते," सुदर्शन कानकोंडा होऊन म्हणाला. "विद्यापीठाचा आहे. बाहेरचा पेनड्राइव्ह चालत नाही."

"बाहेरचा कसला? भाची आहे माझी."

पुढच्या आठवड्यात अनंतराव सोसायटीची नोटीस टाइप करून घ्यायला गेले आणि तसेच परत आले. "विद्यापीठाचा आहे ना, मग सणासुदीला त्याला माहेरी पाठवत जा," एवढंच ते दारातून म्हणाले. काकूंना मात्र ते फार लागलं. मागच्या पावसाळ्यात हा मुलगा तापाने फणफणला होता, तेव्हा त्यांनीच त्याला मऊ भात भरवला होता, आणि त्याला त्यांना चार फोटो दाखवता येत नाहीत! सुदर्शनलाही ते कळत होतं. काकूंनी आमटी वाढली की त्याला मान वर करवत नसे.

त्याचं संशोधन बेडकांच्या आवाजावर होतं. नर बेडूक ओरडतो आणि मादी आवाजावरून त्याची पारख करते. पण डबक्याशेजारून गाड्यांचा हलकल्लोळ चालू असताना तिला तो ऐकू तरी येतो का, हा सुदर्शनचा प्रश्न होता. त्यासाठी त्याने तीन पावसाळे चिखलात उभं राहून आवाज टिपले होते. आता मुदत संपत आली होती. दसरा झाला की समितीसमोर काम मांडायचं होतं. समितीला पटलं तर सहा महिने वाढवून मिळणार होते. नाही पटलं तर शिष्यवृत्ती बंद, लॅपटॉप जमा, आणि वाशीमला जाऊन वडिलांच्या शेजारी काजं-बटणं करत बसायचं. वडिलांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण दुकानातलं दुसरं स्टूल त्यांनी अजून कोणाला दिलं नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. सकाळीच काकूंनी देवघरासमोर चौरंग मांडला आणि घरातली हत्यारं गोळा केली. विळी, सुरी, शिवणाची कात्री, अनंतरावांची दाढीची पेटी, स्कूटरची किल्ली. मधोमध टीव्हीचा रिमोट.

"रिमोट कशाला?" अनंतरावांनी विचारलं.

"निवृत्तीनंतर दुसरं कोणतं हत्यार तुम्ही हातात धरलंय?"

मग काकू मागच्या खोलीच्या दारात आल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मऊ होता. "सुदर्शन, आज पूजेला तुझंही काहीतरी ठेव. तुझं हत्यार म्हणजे तो लॅपटॉपच की. मला वापरायचा नाहीये. नुसतं हळदकुंकू लावते."

सुदर्शनने मनातल्या मनात चारही पानं उलटली. पूजा म्हणजे वैयक्तिक वापर नव्हे. पूजा म्हणजे अन्यास वापरावयास देणेही नव्हे. पूजेबद्दल नियमावलीत अक्षरही नव्हतं. इतक्या महिन्यांनी काकूंना एकदा तरी 'हो' म्हणता येणार, या विचाराने त्याला भरूनच आलं. त्याने फक्त पाणी शिंपडू नका आणि अक्षता टाकू नका अशी हात जोडून विनंती केली, कारण तांदळाचा दाणा फटीत गेला असता. काकूंनी तेही ऐकलं. बाकीच्या हत्यारांवर फुलाने पाणी शिंपडलं, लॅपटॉपवरून ते कोरडंच फिरवलं, झाकणावरच्या विद्यापीठाच्या बोधचिन्हाला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. पठ्ठ्या शोभून दिसत होता.

सुदर्शनची चूक झाली ती इथे. त्याच्या घरी वडील शिलाई मशीनला हार घालायचे, नारळ फोडायचे आणि पेढा तोंडात असतानाच पायडलवर पाय ठेवायचे, कारण दसरा-दिवाळीचे कपडे थांबत नाहीत. पूजा झाली की मशीन कामाला मोकळं, हे तो जन्मापासून बघत आलेला. जगात सगळीकडे असंच असतं, असं त्याने गृहीत धरलं.

दुपारी जेवायला बसल्यावर त्याच्या पानात अख्खा बटाटा आला. शेजारी अख्खी मिरची. त्याने बटाट्याकडे पाहिलं.

"विळी पूजेत आहे," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे नवमीला मांडलेलं दसऱ्याचं सोनं वाटून झाल्याशिवाय हलत नाही. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही."

"आणि दाढी करायची नाही," अनंतराव गालावरून हात फिरवत म्हणाले. "लग्न झालं त्या वर्षी मी नवमीला शाळेत पाहुणे यायचेत म्हणून पातं उचललं होतं. अजून ऐकतोय."

बटाटा गिळून होतो न होतो तोच फोन वाजला. सुदर्शनच्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडम धापा टाकत बोलत होत्या. समितीतले बाहेरचे परीक्षक, डॉ. आमोद, गेली तीस वर्षं नॉर्वेत राहतात. ते उद्या कुठल्याशा बर्फाळ बेटावर निघाले होते आणि तिथे इंटरनेट नव्हतं. आल्यावर मुदत संपलेली असणार. म्हणून आज चार वाजता ऑनलाइन. आज नाही तर कधीच नाही.

"तयारी आहे ना तुझी?"

"हो मॅडम," सुदर्शन म्हणाला आणि चौरंगाकडे बघत राहिला.

सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं. स्लाइडा, आकडे, बेडूक. दुसऱ्या उपकरणावर विद्यापीठाची माहिती उतरवायची नाही, हा नियम त्याने इतक्या निष्ठेने पाळला होता की मोबाइलमध्ये बेडकाचा एक फोटोसुद्धा नव्हता. समितीच्या बैठकीत शिरायचं तेही त्याच लॅपटॉपवरून, अशी विद्यापीठाची व्यवस्था होती. त्याने हळूच माळेकडे हात नेला.

"सुदर्शन!"

त्याचा हात तिथल्या तिथे थिजला. घाबरला की त्याच्या तोंडून पुण्याची भाषा गळून पडायची. "काकू, माहं सारं बुडून राहिलं ना!" तो ओरडला आणि त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं.

काकू खाली बसल्या. मुलाचं नुकसान व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण सासूबाईंपासून चालत आलेली पूजा मोडायची तरी कशी? दोघेही अनंतरावांकडे बघू लागले. अनंतरावांना असा प्रसंग म्हणजे पर्वणीच. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची चौरंगासमोर ओढून घेतली.

"चौरंगावरून हलवायचा नाही, बरोबर?"

"बरोबर."

"पोथी पूजेत असते तेव्हा ती मिटलेली असते की उघडी?"

"उघडी," काकू जरा विचार करून म्हणाल्या.

"मग हाही उघडायला हरकत नाही. पोथीसमोर बसून माणूस बोलतो, तसा हाही बोलेल. राहता राहिला हात लावण्याचा प्रश्न. पूजा सांगणाऱ्याने... म्हणजे करणारीने हात लावला तर चालतो ना?"

"तेवढा चालतो. वात सारखी करायला लागतेच की."

"झालं तर मग. हा बोलेल, तू बटणं दाब."

सुदर्शनने पुन्हा मनातली पानं उलटली. अन्य व्यक्तीस वापरावयास देऊ नये, मुद्दा चार. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि दुसरा काही मार्ग नव्हता. काकूंनी पदराला हात पुसले, झाकण उघडलं, आणि पडद्यावर पासवर्डची चौकट आली.

"काय घालू?"

मुद्दा सात: संकेतशब्द कोणासही सांगू नये. तो मोडायचा तर होताच. पण त्याहून भयंकर म्हणजे तो पासवर्ड. विद्यापीठ दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड ठेवायला लावायचं, आणि गेल्या खेपेला ऐन जेवणानंतर त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

"के," तो म्हणाला. "ए. के. यू."

काकूंनी गंध लावायच्या बोटाने एकेक अक्षर दाबलं. "काकू?" त्या हरखल्या. "माझं नाव ठेवलंयस?"

"एम," सुदर्शन जमिनीकडे बघत म्हणाला. "आय. टी. एच." मग 'जास्त'ची अक्षरं आली. ती त्याने इतक्या हळू सांगितली की काकूंना कान पुढे करावा लागला. शेवटी दोनचा आकडा.

काकूंनी सगळं घालून झाल्यावर क्षणभर बोट तसंच धरलं.

"आमटीत की भाजीत?"

"जुना आहे तो, काकू."

काकूंनी बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू झाला. "मग आत कसा शिरला?"

अनंतराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

चार वाजता समिती आली. एका चौकटीत सत्यशीला मॅडम, एका चौकटीत लोकरी टोपी घातलेले डॉ. आमोद, आणि तिसऱ्या चौकटीत संगणक विभागाचे प्रमुख रंगनाथ सर. मुदतवाढ मिळाली की लॅपटॉपचीही मुदत वाढते, म्हणून ते असायचे. नियमावली त्यांनीच लिहिलेली होती. विद्यापीठात असं बोललं जायचं की रंगनाथ सर कधी हसतात हे त्यांच्या घरीही कोणाला ठाऊक नाही. सुदर्शन चौरंगापासून हातभर लांब मांडी घालून बसला. काकू बाजूला बसल्या होत्या, कॅमेऱ्यात फक्त त्यांचा हिरव्या बांगड्यांचा हात येत होता.

बोलायला लागल्यावर सुदर्शन सावरला. बेडूक म्हटलं की तो सगळं विसरायचा. मान हलवली की काकू पुढची स्लाइड आणायच्या. एकदा उत्साहात त्या दोन स्लाइडा पुढे गेल्या आणि "थांब, थांब, मागे घेते" म्हणत परत आल्या. मग त्यांनी सांगितलेलं बटण दाबलं आणि देवघरातून चाळीस बेडूक एकदम ओरडू लागले.

"आमच्या सोसायटीची वार्षिक सभा," अनंतराव हलकेच म्हणाले.

डॉ. आमोद पुढे झुकून ऐकत होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, सुदर्शनने नीट उत्तरं दिली. ते खूश दिसले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पडद्यावर वरून ते केशरी काय लोंबतंय?"

"झेंडू, सर."

"आज नवमी आहे," सत्यशीला मॅडम म्हणाल्या.

"अरे देवा! मी तुम्हाला सणाच्या दिवशी बसवलं?"

"बसवलंत," अनंतराव मागून म्हणाले.

"आणि तो हात कोणाचा आहे?" रंगनाथ सर पहिल्यांदाच बोलले. "बटणं दाबतोय तो. विद्यार्थ्याचा दिसत नाही. बांगड्या आहेत."

"आमच्या घरमालकीणबाई आहेत, सर," सुदर्शन म्हणाला. "लॅपटॉप पूजेत आहे. मला हात लावता येत नाही."

"काम चांगलं असेल, त्यातलं मला कळत नाही. पण विद्यापीठाचा लॅपटॉप बाहेरच्या व्यक्तीच्या हातात मला डोळ्यांनी दिसतोय. नियमाप्रमाणे तो आजच्या आज जमा करावा लागेल. आणि काम त्यावरच असल्यामुळे मुदतवाढीचाही प्रश्न उरत नाही."

सत्यशीला मॅडम काही बोलणार तोच चौकटीत काकूंचं तोंड आलं, इतकं जवळ की नुसती नथ आणि नाक दिसत होतं.

"बाहेरची व्यक्ती?" त्या म्हणाल्या. "अहो, मला विचारा ना या मुलाबद्दल! भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो दाखवले नाहीत मेल्याने. यांना एक नोटीस टाइप करू दिली नाही. चहाचा कप घेऊन मी खोलीत गेले तर हा असा दोन्ही हात पसरून आडवा येतो. टेबलावर माझा नवा पंचा घातलाय, तो त्याखालून निघत नाही. सिनेमा त्या फुटक्या फोनवर डोळे फोडून बघेल, पण याच्यावर बघणार नाही. काय सांगू तुम्हाला, आपल्या पोरालाही कोणी इतकं जपत नाही!"

"हे तुम्ही कौतुक म्हणून सांगताय?" रंगनाथ सरांनी विचारलं.

"कौतुक कसलं? तक्रार करतेय मी!"

"नियमावली वाचलीय असं सगळेच म्हणतात," रंगनाथ सर म्हणाले. "तिसऱ्या पानावर काय आहे?"

सुदर्शनने डोळे मिटले. "मुद्दा एकपासूनच म्हणतो, सर. मधूनच आठवत नाही." आणि तो म्हणायला लागला. सदर उपकरण ही विद्यापीठाची मालमत्ता असून तिचा विनियोग केवळ संशोधनकार्यार्थ करावा. उपकरणाच्या सान्निध्यात खाद्यपदार्थ व द्रवपदार्थ ठेवू नयेत. समोर समई तेवत होती, भाषा जड होती, आणि चाल आपोआपच लागली. तिसऱ्या मुद्द्याला काकूंनी सवयीने हात जोडले. चौथ्याला अनंतराव उठून उभे राहिले. नॉर्वेत डॉ. आमोदांनी टोपी काढली.

सातव्या मुद्द्याशी सुदर्शन अडखळला. संकेतशब्द कोणासही सांगू नये. तो गाळून पुढे जाता आलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. त्याच्या डोळ्यांसमोर दुकानातलं ते रिकामं स्टूल आलं आणि त्याला रडू फुटायला आलं.

"हा आज मोडलाय, सर," तो म्हणाला. "काकूंना पासवर्ड सांगितला. चौथाही मोडलाय, तो तुम्ही बघितलातच. आणि शेवटच्या पानावर आहे की उल्लंघन झाल्यास संगणक विभागास विनाविलंब कळवावे. तर कळवतोय."

रंगनाथ सरांची चौकट हलेना. सगळ्यांना वाटलं, नेट गेलं.

"तो मुद्दा लिहिला तेव्हा लोक हसले होते मला," रंगनाथ सर म्हणाले, आणि आवाज त्यांचा वाटत नव्हता. "म्हणाले, आपणहून कोण कळवणार आहे? खरंच कधी कोणी कळवलं नाही हो. लॅपटॉप परत येतात तेव्हा आतून आमरस निघतो. विचारलं तर म्हणतात, मिळाला तेव्हाच होता." त्यांनी चष्मा काढला. "मी चार पानं लिहिली, सुदर्शन. रजा घेऊन लिहिली. आज पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकली. समितीची हरकत नसेल तर सहा महिने द्या याला. लॅपटॉप राहू दे याच्याकडेच. दुसऱ्या कोणाकडे ठेवण्यापेक्षा इथे बरा आहे."

समितीची काही हरकत नव्हती. डॉ. आमोद तर टोपी हलवत होते. सुदर्शन दोन्ही हात जोडून पडद्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. काकूंनी त्याच्या दंडाला धरून त्याला चौरंगापासून मागे ओढलं.

"लांब बसून रड," त्या पदराने त्याचे डोळे पुसत म्हणाल्या. "आत गेलं पाणी तर तेही कळवावं लागेल."